मामल्याचा प्लेग पाहिलेले डॉक्टर आता निवृत्त झालेत

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या गोठ्याचा आणि आपल्या घराचा आहे.

सप्टेंबर १९९४. आपल्या जिल्ह्यातल्या पंचेचाळिशीपुढच्या कुणालाही हा महिना विचारून बघा. तोंडाला बांधलेले रुमाल आठवतील, टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल आठवतील, घराघरात झालेली फवारणी आठवेल. मी तेव्हा शाळेत होतो. दसऱ्याला दरवर्षी येणारे आमचे मुंबईचे पाहुणे त्या वर्षी आले नाहीत, आणि आम्हालाही 'येऊ नका' असा निरोप आला. कारण एकच, आम्ही बीडचे.

बीड तालुक्यातलं मामला हे गाव तेव्हा जगाच्या नकाशावर आलं. गाठीच्या प्लेगचे रुग्ण तिथे सापडले. पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग पसरला, लाखो लोकांनी शहर सोडलं, देशात पन्नासहून अधिक माणसं गेली. परदेशी विमानं बंद झाली, निर्यात अडली.

आता मूळ गोष्ट सांगतो. रोगाची पहिली बातमी कुठल्या प्रयोगशाळेतून आली नव्हती. ती गावातून आली होती. ऑगस्टमध्येच लोक सांगत होते की पिसवा फार झाल्यात आणि उंदीर मरून पडतायत. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. लोक भीतीने घर सोडून बाहेर राहायला लागले, धान्य मात्र घरातच राहिलं. रिकामी घरं आणि भरलेल्या कणग्या, उंदरांना दुसरं काय पाहिजे? उंदीर वाढले, त्यांच्यात रोग शिरला, उंदीर मेले, आणि मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाकडे वळली. अभ्यासकांनी नंतर मांडलेली साखळी ही अशी.

आमच्या आजीला ही साखळी शाळेत न जाता माहीत होती. घरात उंदीर पडला की गाव सोडून शेतात राहायला जायचं, हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. आणि १९९४ साली देशातले मोठमोठे तज्ज्ञ कशावर भांडत होते? तर हा प्लेग आहे की नाही यावर. कुणी म्हणालं दुसराच जंतू आहे, कुणी म्हणालं विषाणू आहे. केंद्राला डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीने प्लेगच असल्याचा निष्कर्ष दिला. जंतूंच्या जनुकीय तपासणीचा शोधनिबंध यायला तर २००० साल उजाडलं.

असं का झालं? मी या प्रश्नावर बरीच वर्षं घुटमळलो आणि शेवटी एका साध्या हिशोबापाशी येऊन थांबलो. तो तुमच्यासमोर ठेवतो.

१९९४ च्या आधी भारतात माणसाला प्लेग झाल्याची शेवटची नोंद १९६६ ची. मध्ये २८ वर्षं गेली. १९६६ साली ज्या डॉक्टरने वयाच्या तिसाव्या वर्षी प्लेगचा रुग्ण हाताने तपासला असेल, तो १९९४ साली ५८ वर्षांचा झाला. आणि आपल्या राज्यातल्या सरकारी नोकरीत निवृत्तीचं नेहमीचं वय ५८! म्हणजे प्लेग परत आला त्याच वर्षी तो ओळखणारी शेवटची माणसं घरी जात होती. मागे कुणी तयार झालं नव्हतं, कारण रोगच दिसत नव्हता. रोग दिसत नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून पोरं नाहीत.

आता तोच हिशोब पुढे करा. १९९४ साली मामल्यात गेलेला तीस वर्षांचा डॉक्टर २०२२ साली ५८ चा झाला. म्हणजे बीडचा प्लेग डोळ्यांनी पाहिलेली सरकारी नोकरीतली पिढीही आता घरी बसली किंवा बसायच्या बेतात आहे. आणि प्लेग काही संपलेला नाही. २००२ साली हिमाचलमध्ये आणि २००४ साली उत्तराखंडमध्ये तो डोकं वर काढून गेला.

म्हणून आज मला मोठ्या शास्त्रज्ञांबद्दल लिहायचं नाही. पंचविशी-तिशीतल्या पोरापोरींबद्दल लिहायचंय, जे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या रोगांवर आत्ता कुठे काम सुरू करतायत. कारण पुढची २८ वर्षं ही माहिती ज्यांच्या डोक्यात टिकायची, ती माणसं हीच आहेत.

प्लेगचा जंतू शोधणारा माणूस किती वर्षांचा होता माहितीय? १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग आला तेव्हा अलेक्झांडर येर्सिन ३० वर्षांचा होता. मोठा मान, मोठी सोय जपानच्या नामांकित शास्त्रज्ञाला मिळाली. येर्सिनला प्रेतं तपासायलाही मिळेनात. त्याने गवताची झोपडी उभारली, प्रेतं पुरणाऱ्या खलाशांना पैसे चारले, गाठीतला पू मिळवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रस्त्यावर मरून पडलेल्या उंदरांमध्येही तोच जंतू आहे, हेही त्याने दाखवलं. आज त्या जंतूला त्याचंच नाव आहे. ही गोष्ट आपल्या मामल्याच्या बरोबर शंभर वर्षं आधीची. आणि पिसूचं काय? ते १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँने दाखवलं, तर वर्षानुवर्षं कुणी मानायला तयार नव्हतं. शेवटी मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत तपास होऊन ते पक्कं झालं.

दोघांमध्ये मला एक गोष्ट सारखी दिसते. रोग जिथे होता तिथे ते स्वतः गेले होते.

आता चकलांब्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या एका वस्तीवर एक पोरगी आली. पशुवैद्यकीय पदवी झालेली, पुढच्या शिक्षणाच्या प्रबंधासाठी शेळ्यांच्या रक्ताचे नमुने घेत होती. पाठीवर पिशवी, हातात बर्फाचा डबा, वडापमध्ये मागच्या सीटवर बसून उन्हातान्हात फिरायची. मला वाटलं बातमी होईल म्हणून मी गेलो. वस्तीवरची एक मावशी तिला म्हणाली, "बाई, रगत घेऊन जाता, पुढं काय झालं ते सांगाया कुणी येत न्हाई." ती पोरगी गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, मी सांगीन."

ती शोधत होती ब्रुसेलोसिस. आपल्याकडे नाव कुणाला माहीत नाही, रोग मात्र सगळ्यांनी पाहिलाय. गाय, म्हैस, शेळी दिवस भरायच्या आत गाभडते, वार अडकते, पुन्हा लवकर गाभण राहत नाही. आपण म्हणतो नजर लागली, नाहीतर चारा बाधला. प्रत्येक गाभडण्याचं कारण हा जंतू नसतो, पण तो असू शकतो. आणि असला तर तो गाभडलेल्या वासरात, वारेत, दुधात असतो. आपण काय करतो? उघड्या हातांनी ओढून काढतो, उकिरड्यावर टाकतो, कुत्री ते गावभर फिरवतात. हाताला साधा ओरखडा असला तरी जंतूला वाट मिळते. शेळीचं कच्चं दूध पोराला औषध म्हणून पाजलं तरी वाट मिळते.

मग माणसाला काय होतं? ताप येतो, जातो, परत येतो. रात्री घाम फुटतो, कंबर धरते, सांधे दुखतात, माणूस वाळत जातो. पुरुषांना वृषणाला सूज येऊ शकते. मरण सहसा येत नाही, पण माणूस कामातून जातो. आणि हातावर पोट असलेला माणूस सहा महिने कामातून गेला तर घराचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे अशा तापाला टायफॉईड म्हणायचं, सलाईन लावायची, पाच दिवसांच्या गोळ्या द्यायच्या अशी पद्धत आहे. ब्रुसेलोसिसला पाच दिवस पुरत नाहीत. साधारण सहा आठवडे दोन औषधं एकत्र घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर रोग उलटतो.

तिने मला तपासणी दाखवली. पांढऱ्या प्लेटवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, शेजारी गुलाबी रंगाच्या औषधाचा एक थेंब, काडीने मिसळायचं, चार मिनिटं प्लेट हलवायची. दाणे दिसले तर संशय पक्का, मग पुढची तपासणी. चार मिनिटं लागतात, आणि खर्चही फार नाही.

दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. त्या वस्तीवरच्या काही शेळ्या संशयित निघाल्या होत्या. ती म्हणाली, "सर, त्या घरातल्या काकांना ताप होता ना? त्यांना ही तपासणी करायला सांगा. माझ्याकडे दुसऱ्या कुणाचा नंबर नाही." मी जाऊन सांगितलं. त्या गृहस्थांनी तोपर्यंत तीन दवाखाने केले होते. शहरात जाऊन तपासणी केली, तेच निघालं. सहा आठवड्यांच्या गोळ्या झाल्या, माणूस कामाला लागला.

यात आनंद मानायचा की लाज वाटून घ्यायची? तिच्याकडे माझा नंबर होता म्हणून एक माणूस सुटला. नंबर नसता तर? तिने गावाला निकाल सांगावा असं तिच्यावर कुठलंच बंधन नव्हतं. प्रबंध लिहायचा, परीक्षकाला दाखवायचा, ग्रंथालयाच्या कपाटात ठेवायचा, पदवी घ्यायची. निकाल दवाखान्याला कळवायला कुणी सांगितलं नव्हतं, कळवला असता तर तो कुणाच्या टेबलावर ठेवायचा हेही ठरलेलं नव्हतं. जनावरांचा दवाखाना एका खात्याचा, माणसांचा दवाखाना दुसऱ्या खात्याचा. जंतूला हे खातेवाटप कुणी सांगितलेलं नाही.

आणि ती पोरगी? पदवी झाली, एका प्रकल्पात काम मिळालं, प्रकल्प संपला, काम संपलं. आता पुण्यात कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात आहे. त्यात वाईट काहीच नाही, पोट सगळ्यांनाच आहे. केंद्राने २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोची रक्कम महिना ३७ हजार केली, पण ती मिळते ठरावीक जणांना आणि ठरावीक मुदतीसाठी. त्यानंतर पुढे काय, हा प्रश्न तिशीच्या तोंडावर उभा राहतो. घरचे विचारतात, कायम कधी होणार? आपल्या भागातल्या शेळ्या, माणसं, वस्त्या जिला पाठ झाल्या होत्या, ती निघून गेली. पुढच्या वेळी नवीन कुणीतरी येईल आणि पहिल्यापासून सुरुवात करेल.

जाताना ती एक गोष्ट सांगून गेली, ती मला आजही सतावते. ब्रुसेलोसिसची लस गायी-म्हशींच्या कालवडी-वगारींना ४ ते ८ महिन्यांच्या वयातच द्यायची असते, आयुष्यात एकदाच. केंद्राने २०१९ पासून लाळ-खुरकुत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांविरुद्ध देशभर कार्यक्रम सुरू केलाय, लस फुकट आहे. ती म्हणाली, "सर, तुमच्याकडचे कोयते दसरा-दिवाळीला जातात, मार्च-एप्रिलला येतात. ऑक्टोबरमध्ये तीन महिन्यांची असलेली कालवड एप्रिलमध्ये नऊ महिन्यांची होते. मग तिला लस द्यायची कधी?"

बघा, साधं गणित आहे. जनावरं सोबत घेऊन जाणाऱ्या कुटुंबाची कालवड इथल्या यादीत सापडत नाही आणि कारखान्याच्या गावात ती कुणाच्या यादीत नसते. बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे समजतं. मुंबई-दिल्लीत तक्ता बनवणाऱ्याला कसं समजणार? त्यासाठी कुणीतरी चार वर्षं इथे राहायला हवं, कोपीवर जाऊन बसायला हवं.

काही जण म्हणतील, पत्रकार साहेब, संशोधन बाजूला ठेवा, आधी दवाखान्यात डॉक्टर द्या, कुत्रं चावलं तर इंजेक्शन द्या. शंभर टक्के बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात, आणि ते टाळता येतात. लस आधी, डॉक्टर आधी, यात वाद नाही. पण हे दोन्ही एकमेकांच्या विरोधात का ठेवायचं? तो तरुण संशोधक म्हणजे पशुवैद्यक किंवा डॉक्टरच असतो. तो इथे राहिला तर रोज जनावरंही तपासेल, माणसांनाही सांगेल.

अफवेचंही तसंच आहे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा आपल्याच भागात लोकांनी दूध बंद केलं होतं. लम्पी माणसाला होत नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, आपल्या पाटोदा तालुक्यातल्या मुगावला कावळे मेले, नमुने भोपाळला गेले, बर्ड फ्लू निघाला. त्या दिवसांत चिकन खायचं की नाही हे लोक मला विचारत होते! मी जर्नालिझमचा डिप्लोमा केलेला माणूस. मला काय कळतंय? नीट शिजवलेल्या मांसातून तो होत नाही, हे मीही कुणाला तरी विचारून सांगितलं. विश्वासाने विचारावं असं माणूस जिल्ह्यात असायला नको का?

नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेचं भूमिपूजन ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. चांगली गोष्ट आहे, राज्याचा मान आहे. वन हेल्थ म्हणजे माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र बघायचं. पण मामल्याचा उंदीर नागपूरला जाऊन मेला नव्हता. परभणीला, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अंबाजोगाईला आपल्याच जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे. पोरं इथेच शिकतायत. त्यांना इथेच थांबवता येत नाही का?

माझ्या मागण्या चारच आहेत, आणि त्यातली शेवटची आपल्यासाठी आहे.

एक, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक पशुवैद्यक आणि एक डॉक्टर असे दोन तरुण संशोधक पाच वर्षांसाठी नेमा. काम जनावरांकडून माणसाला होणाऱ्या रोगांचं. पगार दर महिन्याला, आणि पाच वर्षांनंतर सरकारी भरतीत त्या अनुभवाला गुण.

दोन, ज्या गावातून रक्ताचे, दुधाचे नमुने नेले, त्या गावाला निकाल एका पानावर, मराठीत, ग्रामसभेत वाचून द्यायचा. त्याची प्रत दोन्ही दवाखान्यांना. हे केल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. ज्याचं रक्त नेलं त्याला निकाल कळणं हा त्याचा हक्क आहे.

तीन, ताप दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर दवाखान्यात एक प्रश्न विचारा, 'घरी जनावर आहे का, एवढ्यात कुठलं गाभडलं का?' या प्रश्नाला पैसा लागत नाही.

चार, आपण. गाभडलेलं वासरू, वार उघड्या हाताने धरू नका. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका, पोरांना तर अजिबात पाजू नका. आणि वस्तीवर एखादा पोरगा, पोरगी बर्फाचा डबा घेऊन आली तर हाकलून देऊ नका. पाणी द्या, नमुना द्या, आणि 'निकाल कधी सांगणार?' हे ठणकावून विचारा.

शेवटी माझी चूक कबूल करतो. ती पोरगी आली होती तेव्हा मी फोटो काढला होता. बातमी लिहिली नाही. त्या आठवड्यात पुढाऱ्यांचे वाढदिवस होते, जाहिराती होत्या, जागा नव्हती. मावशीच्या त्या वाक्यालाही मी जागा दिली नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये मामल्याचे लोक पिसवा आणि उंदरांबद्दल बोलत होते, तेव्हाही कुणीतरी माझ्यासारखाच म्हणाला असेल, यात कसली बातमी?

ही पोस्ट म्हणजे ती राहिलेली बातमी. तुमच्या गावात, वस्तीवर एकापाठोपाठ जनावरं गाभडत असतील किंवा उंदीर मरून पडत असतील तर आधी दवाखान्याला कळवा, मग मला कळवा. या वेळी छापतो.